पैनगंगेपलीकडचे वसंतराव

दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्रात कृषिदिन पाळला जातो. शासकीय कार्यालयांत वसंतराव नाईक यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, निवडक शेतकऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि व्यासपीठावरून ठरलेली कथा सांगितली जाते. तांड्यात जन्मलेला एक मुलगा शिकला, वकील झाला आणि राज्याच्या सर्वोच्च पदावर जाऊन बसला, ही ती कथा. ती खोटी नाही. परंतु वर्षानुवर्षे ती याच ठिकाणी येऊन थांबते. त्या मुलाने सत्ता हाती आल्यावर काय उभे केले आणि त्या उभारणीचे पुढे काय झाले, याकडे सोहळ्याचे लक्ष जात नाही. नाईकांच्या चरित्रातला आजच्या उपयोगाचा भाग मात्र नेमका तोच आहे.

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावातून पाहिले म्हणजे या चरित्राचा भूगोल लक्षात येतो. औंढा आणि वसमत यांच्या मधल्या या परिसरातून निघून कळमनुरीमार्गे पैनगंगा ओलांडली की पुसद तालुका लागतो आणि त्याच तालुक्यात गहुली आहे. आज हा एका दिवसात जाऊन येण्याचा प्रवास आहे. १९४८ पूर्वी मात्र ती दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, हाली शिक्क्याचे नाणे, करोडगिरीचे नाके आणि उर्दूत चालणारा सरकारी कारभार. पलीकडे ब्रिटिश अमलाखालील वऱ्हाड, त्याची मराठी शाळा, त्याच्या नगरपालिका आणि मर्यादित का होईना, पण मतदानाने भरणारे कायदेमंडळ. हैदराबाद मुक्तिलढ्याच्या काळात उमरखेडसारख्या सीमेवरच्या गावांत कार्यकर्त्यांच्या छावण्या पडल्या त्या याच फरकामुळे. नदीच्या कोणत्या काठावर जन्म झाला, एवढ्यावर माणसाचे शिक्षण आणि त्याचे नागरिकत्व अवलंबून असावे, असा तो काळ होता.

सीमेवर जन्मलेल्या नेत्याची कथा जगात सर्वाधिक कोणी जोपासली असेल तर ती अमेरिकनांनी. अब्राहम लिंकन १८०९ मध्ये केंटकीतील एका लाकडी ओंडक्यांच्या खोपटात जन्मले. इंडियाना आणि इलिनॉय या तेव्हाच्या सरहद्दीच्या मुलखात ते वाढले. शाळेत त्यांचे एकंदर वर्षभरही गेले नाही. स्वतः वाचून ते वकील झाले, १८३४ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळात गेले आणि १८६१ मध्ये अध्यक्ष झाले. ही कथा त्या देशाला इतकी प्रिय की लिंकन यांच्यापूर्वीच तिचा बाजार मांडला गेला होता. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पाठीराख्यांनी लाकडी खोपट हेच प्रचाराचे चिन्ह केले. वास्तविक हॅरिसन व्हर्जिनियातील एका संपन्न जमीनदाराच्या वाड्यात जन्मले होते आणि त्यांचे वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. मतदारांनी खोपट पाहिले आणि मते दिली. गरिबीचे भांडवल करण्याची विद्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी शोधून काढली, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नाईकांच्या बाबतीत अशी लबाडी करण्याचे कारण नाही आणि त्यांच्या गरिबीची अतिशयोक्ती करण्याचेही नाही. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती आणि तिचा प्रमुख तो नायक. गहुली वसवणारे आजोबा चतुरसिंग आणि वडील फुलसिंग हे तांड्याचे नायक होते. घर शेतीवाडीचे होते. नाईक हे आडनाव त्या पदावरूनच आले. तेव्हा मुद्दा उपासमारीचा नव्हता. मुद्दा समाजाच्या चौकटीबाहेर असण्याचा होता. शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहणारा हा समाज रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर एकाएकी निरुपयोगी ठरला. भटक्यांना स्थिर करण्याच्या नावाखाली इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचे सावट अशा समाजांवर स्वातंत्र्यानंतर १९५२ पर्यंत राहिले. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत, तो याच इतिहासाचा शिक्का आहे. लिंकन हे जमीन मिळवत पुढे सरकणाऱ्या वसाहतकारांच्या बाजूचे. १८३२ मध्ये मूळ रहिवाशांविरुद्धच्या ब्लॅक हॉक युद्धात ते स्वयंसैनिकांच्या तुकडीचे कप्तानही होते. नाईकांचा तांडा हा त्या सीमारेषेच्या दुसऱ्या बाजूचा. दोघांची तुलना करताना हा भेद पुसून टाकणे योग्य होणार नाही.

गहुलीत शाळा नव्हती. घरी हाजूसिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलाने आसपासच्या वेगवेगळ्या गावी राहून प्राथमिक शिक्षण घेतले आणि अमरावती व नागपूर येथे पुढचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले, १९४० मध्ये कायद्याचे पदवीधर झाले आणि अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिली शिकले. पुढे केंद्रीय कृषिमंत्री झालेल्या देशमुखांचा सहवास ही त्यांची दुसरी शाळाच होय. १९४१ मध्ये नागपूरच्या ब्राह्मण कुटुंबातील वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी विवाह केला. दोन्हीकडच्या समाजांचा रोष त्यांना पत्करावा लागला. पुसदला वकिली चालू असतानाच १९४६ मध्ये ते तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. राजकारणातील त्यांचे पहिले पद रस्ते, दिवे आणि पाणी यांचे होते, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीवर तिची छाया दिसते.

१९५२ मध्ये ते मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि तेथे महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले. पैनगंगा येथे आंतरराज्य सीमा राहिली नाही. सहकार, कृषी आणि १९६० नंतर महसूल अशी खाती नाईकांकडे आली. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे पदावर असतानाच निधन झाले. (बालपणी वृत्तपत्रे विकणारे कन्नमवार हे खोपटाच्या कथेचे अधिक खरे नायक, परंतु त्यांच्या वाट्याला एक वर्षच आले.) ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. महाराष्ट्रात इतका काळ हे पद दुसऱ्या कोणीही भूषविलेले नाही.

मात्र त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मुख्यमंत्री होण्याच्या आधीचे आहे. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये ग्रामीण भागात त्रिस्तरीय लोकशाही रचना सुचवली होती. महाराष्ट्रात ती कशी आणावी हे ठरवण्यासाठी यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने जून १९६० मध्ये महसूलमंत्री नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला; शिफारशी २२६. मेहता समितीने तालुका पातळीवरील पंचायत समितीला महत्त्व दिले होते, नाईक समितीने ते जिल्ह्याला दिले. कारण व्यावहारिक होते. शाळा, दवाखाना, रस्ता आणि पाणी या गोष्टी चालवायच्या तर कर्मचारी, पैसा आणि तांत्रिक माणसे जमतील एवढा मोठा घटक हवा. समितीने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवले. आमदार आणि खासदारांनाही सदस्यत्व दिले नाही. ज्याच्या हाती मुंबई-दिल्लीची सत्ता आहे त्याची सावली जिल्ह्याच्या सभागृहावर पडू नये, हा त्यामागचा विचार. इतर अनेक राज्यांनी हे धैर्य दाखवले नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. अवघ्या चौदा वर्षांपूर्वी संस्थानी प्रजा असलेल्या, फर्मानांवर आणि जहागीरदारांच्या मर्जीवर जगलेल्या शेतकऱ्याला आपल्या गावच्या शाळेबद्दल जाब विचारण्याजोगा माणूस मतपेटीतून निवडता येऊ लागला.

या रचनेची फळे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. मराठवाड्यातील एका पिढीला अक्षरओळख झाली ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि दुसऱ्या पिढीतील कितीतरी शिक्षक, ग्रामसेवक व लिपिक यांच्या घरची चूल पेटली ती जिल्हा परिषदेच्या वेतनावर. नेतृत्वाचीही ती शाळा ठरली. नाईकांचेच पुतणे सुधाकरराव हे गहुलीचे सरपंच, पुसद पंचायत समितीचे सभापती, यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष अशा पायऱ्या चढून १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. अर्थात हेच उदाहरण दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. १९५२ पासून पुसदची आमदारकी बहुतेक काळ या एकाच घराण्यात राहिली. खोपटातून निघालेली वाट वाड्यात जाऊन बंद होते, ही तक्रार अमेरिकेत जुनी आहे आणि ती आपल्याकडे लागू नाही असे म्हणवत नाही. जिल्हा परिषदांवरही सधन बागायतदारांची आणि सहकारातल्या मातब्बरांची पकड बसली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांना आरक्षण मिळेपर्यंत सभागृहाचा चेहरा फारसा बदलला नाही. तांड्यांची स्थिती तर विचित्रच राहिली. अनेक तांडे महसुली गाव म्हणून नोंदले गेले नाहीत आणि शेजारच्या ग्रामपंचायतीच्या शेपटाला बांधलेले राहिले. एकच समाज आंध्र-तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती म्हणून गणला जावा, हा सीमांचा आणखी एक खेळ. हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन २०२५ मध्ये मराठवाड्यात बंजाऱ्यांचे जे मोर्चे निघाले त्यांच्या मुळाशी तो आहे.

मुख्यमंत्री नाईकांची एक घोषणा प्रसिद्ध आहे. १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर त्यांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फाशी द्यावी, अशा आशयाचे उद्गार काढले. गौरवपर भाषणांत एवढेच सांगितले जाते. दोन वर्षांत स्वयंपूर्णता आली नाही, हे सांगितले जात नाही; महाराष्ट्र त्यानंतरही तुटीचे राज्य राहिला. पण घोषणा फसली म्हणून प्रयत्न खोटा ठरत नाही. संकरित ज्वारीचे बियाणे कोरडवाहू शेतापर्यंत गेले ते त्याच वर्षांत. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे साठीच्या दशकात पुरी झाली आणि औंढा-वसमत भागात कालव्याचे पाणी आले. राज्यात चार कृषी विद्यापीठे याच कारकिर्दीत स्थापन झाली. त्यांपैकी मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीला मे १९७२ मध्ये. २०१३ पासून ते नाईकांच्याच नावाने ओळखले जाते.

येथे लिंकन यांची पुन्हा आठवण व्हावी असा एक दुवा आहे, आणि तो खोपटाच्या दुव्यापेक्षा भक्कम आहे. यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६२ या एका वर्षात लिंकन यांनी तीन कायद्यांवर सह्या केल्या. एकाने स्वतंत्र कृषी विभाग आला, दुसऱ्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली, आणि तिसऱ्याने राज्यांना सरकारी जमिनी देऊन त्यांच्या उत्पन्नातून शेतीची व तंत्रविद्येची महाविद्यालये काढण्यास सांगितले. यातील जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हा डाग त्या कायद्यांवर आहेच. पण महाविद्यालयांची कल्पना दूरवर पोचली. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत विस्तार ही तिन्ही कामे एका छताखाली आणणारी ती पद्धत १९६० मध्ये पंतनगरला आली आणि भारतातील कृषी विद्यापीठे तिच्या धर्तीवर उभी राहिली. परभणीच्या शिवारातील बियाण्याच्या वाफ्यांचे नाते इलिनॉयच्या त्या वकिलाच्या सहीशी असे पोचते.

१९७२ च्या दुष्काळाने सारी घोषणाबाजी मातीत मिळवली. शिरड शहापूरच्या परिसरात तो काळ पाहिलेली माणसे आजही सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याचे काम या तीन गोष्टी एका दमात सांगतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना सरकारने उचलली. मागेल त्याला काम हे तत्त्व आधी शासनाच्या योजनेत आणि १९७७ मध्ये कायद्यात आले. पागे यांचे श्रेय निर्विवाद, परंतु विरोधकांसह सर्वांना बरोबर घेऊन एवढा मोठा खर्च अंगावर घेणे हे सरकारचे काम होते आणि नाईकांनी ते केले. पुढे या योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. वेतनपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी वजावट शिक्षक व लिपिक मंडळी नाराजीने पाहतात, तिचा उगम कोरड्या पडलेल्या विहिरींजवळ आहे, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

आणि तरीही मराठवाड्याचा हिशेब पुरता जमेचा नाही. मुंबईत साम्यवादी कामगार संघटनांना शह म्हणून शिवसेनेच्या वाढीकडे नाईकांनी डोळेझाक केली, हा आरोप ‘वसंतसेना’ या उपरोधिक नावात टिकून आहे. पण तो मुंबईचा प्रश्न. येथला प्रश्न वेगळा होता. उद्योग, रेल्वे, नोकऱ्या यांत मराठवाडा मागे राहिला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातील नेमणुकांतही स्थानिकांना डावलले जाते अशी भावना झाली. १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शिरड शहापूरच्या अगदी शेजारच्या वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा विकास आंदोलन पेटले. सीमेवरून आलेल्या नेत्याला नदीच्या अलीकडचा हा काठ पुरेसा दिसला नाही, असेच म्हणावे लागते. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत ते पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण यांच्या रूपाने मराठवाड्याला पहिला मुख्यमंत्री मिळाला. नाईक १९७७ मध्ये वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

आंदोलनाच्या मागण्यांतून पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली तेव्हा कोणी रस्त्यावर उतरल्याचे दिसले नाही. नाईक समितीच्या जिल्हा परिषदेचे भाग्य यापेक्षा बरे असायला हवे होते, कारण तिला राज्यघटनेचे संरक्षण आहे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे अनुच्छेद २४३-ई सांगतो. प्रत्यक्षात २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद, गटांची पुनर्रचना आणि न्यायालयातील तारखा यांत राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो न्यायाने सुटणे आवश्यकच होते. परंतु विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निवडणुका अशा कारणासाठी तीन वर्षे लांबल्या असत्या तर देशात केवढा हलकल्लोळ झाला असता! जिल्ह्याच्या सभागृहाचे कुलूप मात्र कोणाला खुपले नाही. आमदारांना तर नाहीच. निधी आणि कामे वाटताना मध्ये येणारा एक प्रतिस्पर्धी कमी झाला होता.

नाईक समितीने मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद कल्पिले ते सभागृहाने केलेल्या ठरावांची अंमलबजावणी करण्यासाठी. प्रशासकांच्या या वर्षांत तोच अधिकारी ठराव करीत होता आणि तोच त्याची अंमलबजावणी करीत होता. शिरड शहापूरच्या एखाद्या पालकाला वर्गखोलीचे गळके छत किंवा शिक्षकाची रिकामी जागा याबद्दल बोलायचे असेल तर त्याने जायचे ते हिंगोलीच्या कार्यालयात, अर्ज घेऊन, आवक-जावक विभागाचा शिक्का मारून घेण्यासाठी. गटाचा सदस्य म्हणून ज्याला त्याने पारावर गाठले असते, असा माणूसच त्या काळात नव्हता. निवडून आलेल्या सदस्यांनी पहिल्या सर्वसाधारण सभेत मागवण्याजोगी माहिती सरळ आहे: प्रशासकाच्या काळात किती ठराव झाले, कोणत्या शाळांसाठी किती पैसा मंजूर झाला, आणि त्यांपैकी किती तांड्यांपर्यंत गेला.